अठ्ठावीस टिचक्या

नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावर, जिना चढून गेलं की डाव्या हाताला जन्म-मृत्यू नोंदणीची खोली लागते. चार टेबलं, दोन लोखंडी कपाटं, एक खिडकी आणि खिडकीजवळच्या टेबलाशी रेघबाई. पगारपत्रकावर त्यांचं खरं नाव असणारच, पण ते वाचायला कोण जातं? शिपायापासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळे रेघबाईच म्हणतात आणि त्यांना ते मनापासून आवडतं. उगीच खोटं कशाला बोला.

नाव पडलं ते त्यांच्या कागदांमुळे. त्यांच्या हातचा जन्मदाखला घ्या आणि पट्टी लावून बघा. वर ओळीत मथळे: बाळाचे नाव, लिंग, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख. खाली प्रत्येक मथळ्याच्या बरोबर पोटाखाली त्याचं उत्तर. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. ही करामत त्या टिचक्यांनी करायच्या.

टिचकी म्हणजे काय, तर टाइपरायटरची ती खालची लांब पट्टी. तिच्यावर अंगठा मारला की एक कोरी जागा सुटते. रेघबाई तरुणपणी टाइपिंगच्या क्लासात मोजून अंगठा मारायला शिकल्या. पुढे पालिकेत कॉम्प्युटर आले, तर त्यावरही तीच लांब पट्टी, मग काय हवं? अक्षरांची रुंदी कमीजास्त होती म्हणून बाईंनी आठवडाभर पुन्हा सगळं मोजलं आणि पाठ करून टाकलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं नाव सहसा ठरलेलं नसतं, तो रकाना कोरा. तेव्हा डाव्या कडेपासून अठ्ठावीस टिचक्या मारल्या की लिंगाचा रकाना. तिथून चौदा मारल्या की वडील. पडद्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही. समोरच्या माणसाशी बोलत बोलत अंगठा आपोआप मोजायचा.

आणि विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही. नवा कारकून आला की पहिला आठवडा रेघबाईंच्या शेजारी. करवसुलीचे, पाणीपट्टीचे, बांधकामाचे, सगळ्या खात्यांचे नमुने सव्वीस वर्षांत त्यांनीच बसवून दिले, टिचक्या मोजून. अख्खी पालिका त्यांच्या अंगठ्यावर उभी होती म्हणा ना.

तर अशा या सुखाच्या संसारात एक परिपत्रक आलं. पत्रं आणि तक्ते टाइप करायचं जे विकतचं सॉफ्टवेअर होतं, त्याचं दर वर्षी भाडं भरावं लागायचं. कॉम्प्युटर आपला, वीज आपली, बोटं आपली आणि भाडं दुसऱ्याला. नव्या मुख्याधिकारी मॅडमनी ठरवलं, की येत्या एक तारखेपासून तेच काम करणारं मोफत सॉफ्टवेअर वापरायचं आणि वाचलेल्या पैशांत पालिकेच्या दवाखान्यात आणखी एक परिचारिका नेमायची. दवाखान्यात एकटी परिचारिका एक हात इंजेक्शनला आणि एक हात रजिस्टरला लावून दिवसभर कशी पळते, हे प्रत्येकाने आपापल्या तापात पाहिलेलं होतं. त्यामुळे तोंडावर कोणी नाही म्हणालं नाही.

पाठीमागे मात्र पहिल्याच दिवशी बारसं झालं. खोलीचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे हेडसाहेब म्हणतात, त्यांनी नव्या सॉफ्टवेअरचं नाव ठेवलं फुकट्या. मग काय विचारता. फुकट्याची बटणं बारीक, फुकट्याचा रंग फिका, फुकट्या उठायला वेळ लावतो. धर्माची गाय आणि म्हणे दात का गं नाय, अशातली गत.

रेघबाई या कुचाळक्यांत नव्हत्या. त्यांनी आपलं नेहमीसारखं काम सुरू केलं. खिडकीशी पहिला आला तो एक नवा बाप, चार दिवसांच्या मुलीचा. बाईंनी त्याच्याशी बोलत बोलत दाखला टाइप केला, छापला, शिक्का मारला आणि दिला. दहा मिनिटांत माणूस परत.

"बाई, जरा बघता का?" तो हळूच म्हणाला. "वडिलांच्या खाली 'स्त्री' आलंय."

बाईंनी चष्मा सारखा केला. वडिलांच्या नावाखाली स्त्री. आईच्या नावाखाली हा गृहस्थ. आणि जन्मतारखेखाली त्याची बायको.

"बाकी माझी काही हरकत नाही," तो म्हणाला, "पण घरी सासूबाई वाचतील."

खोली हसली. तोही हसला. रेघबाईंना मात्र हसू आलं नाही. सव्वीस वर्षांत त्यांचा कागद परत आला नव्हता. त्यांनी पुन्हा टिचक्या मोजल्या. अठ्ठावीस, चौदा, बरोबर. पुन्हा छापलं. पुन्हा तो बिचारा स्त्री.

दोन आठवडे हाच तमाशा. करवसुलीच्या नोटिसांत घर क्रमांकाच्या जागी मालकाचं नाव, पाणीपट्टीत मालकाच्या जागी नळाचा व्यास. परत आलेल्या कागदांचा ढीग मॅडमच्या टेबलावर गेला आणि शुक्रवारी सगळ्यांना वर बोलावणं आलं.

मॅडम आवाज चढवत नाहीत, म्हणून तर त्यांची भीती वाटते. "दोष सॉफ्टवेअरचा असेल तर सॉफ्टवेअर जाईल," त्या म्हणाल्या. "परिचारिकेचं पुढच्या वर्षी बघू. पण दोष माणसाचा असेल तर ते माणूस दप्तरखान्यात जाईल. जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय मी परिचारिकेच्या कागदावर सही करणार नाही." मग त्या वळल्या. "रेघबाई, या कामात तुमच्याइतकं कोणी मुरलेलं नाही. गुरुवारपर्यंत एक पानाचा अहवाल द्या. तुम्ही लिहाल तसं करीन."

दप्तरखाना म्हणजे तळमजल्यावरची मागची खोली. खिडकी नाही, माणूस नाही, बोलायला जुनी रजिस्टरं. तिथे गेलेला माणूस निवृत्तीच्याच दिवशी वर येतो असं म्हणतात. रेघबाईंच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. पण त्यांना कसली भीती? त्यांची खात्रीच होती की दोष फुकट्याचा. जिना उतरताना त्या अहवालातली वाक्यं मनात जुळवत होत्या.

रविवारी दुपारी त्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर सून आणि सुनेचा लॅपटॉप. सून एका शाळेच्या ऑफिसात आहे. शाळेकडे पैसे नव्हते म्हणून तिथे चार वर्षांपासून हेच मोफत सॉफ्टवेअर चालतं.

"बघ तुझ्या त्या फुकट्याचे प्रताप," बाईंनी दाखल्याची फाइल उघडायला लावली.

सुनेने पडदा पाहिला. मग वरचं एक बटण दाबलं आणि पडद्यावर जिथे जिथे कोरी जागा होती तिथे बारीक बारीक ठिपके उमटले. ओळीच्या ओळी ठिपक्यांच्या, साखरेला मुंग्या लागाव्यात तशा.

"हे काय?"

"आई, या तुमच्या टिचक्या," सून जपून म्हणाली. "एकेक ठिपका म्हणजे एकेक टिचकी. जुन्याची अक्षरं वेगळ्या मापाची होती, ही वेगळ्या मापाची. तेव्हा ठिपके अठ्ठावीसच, पण जागा जास्त खाल्ली. म्हणून सगळं उजवीकडे सरकलं."

"म्हणजे यांचं माप चुकलं."

"माप कोणाचंच चुकलं नाही. पण अंधारात पायऱ्या मोजून चढायची सवय असली की दुसऱ्याच्या जिन्यावर ठेच लागते, तसं झालंय. त्यापेक्षा हे बघा." तिने एक तक्ता घातला. पाच रकाने, खाली पाच घरं. प्रत्येक घरात उत्तर लिहिलं. मग तिने अक्षर मोठं केलं, लहान केलं, जाड केलं, दुसऱ्याच वळणाचं केलं. रेघ ढिम्म हलली नाही.

रेघबाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. अक्षर मोठं केलं. लहान केलं. पुन्हा मोठं केलं. आधी त्यांना आनंद झाला, अगदी लहान मुलीसारखा. इतकी सरळ रेघ, आणि मोजायचं काही नाही? आणि मग त्या आनंदाची लाज झाली. हे तक्ते जुन्या सॉफ्टवेअरमध्येही असणार. इतकी वर्षं समोर असणार. त्यांनी कधी तिकडे बोट नेलं नाही, कारण त्यांना येत होतं.

खिडकीत पेपर वाचत बसलेले यजमान आतापर्यंत गप्प होते. पालिकेच्या पंपावरून निवृत्त झालेला माणूस, गप्प राहणं त्यांना फार वेळ जमत नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," ते पेपराआडून म्हणाले.

बाई त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. ते दोनदा चहा घेऊन आले, दोन्ही वेळा चहा घेतला, पण बोलल्या नाहीत.

सोमवारी त्यांनी एक गोष्ट केली. हिशेब खात्यातल्या एका कॉम्प्युटरवर जुनं सॉफ्टवेअर अजून काढायचं राहिलं होतं. दुपारच्या सुट्टीत त्या तिथे गेल्या, आपला जुना दाखला उघडला आणि फक्त अक्षराचं वळण बदललं. वडिलांच्या खाली स्त्री. म्हणजे विकतचं असो की फुकटचं, टिचक्या कुठेही तोंडघशीच पाडणार होत्या. आजवर आपण पडलो नाही, कारण कोणी अक्षर बदललं नव्हतं, एवढंच. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटत होतं की तिथे तरी रेघ सरळ राहील. नाही राहिली. जेवणाचा डबा त्या दिवशी तसाच परत घरी गेला.

बुधवारी हेडसाहेबांनी त्यांना टेबलाशी बोलावलं. पालिकेचा नियम असा, की खालचा कोणताही कागद वर जायचा तर हेडक्लार्कमार्फत. ते वाचतात, खाली आपला शेरा लिहितात, सही करतात, मग कागद जिना चढतो. "अहवाल झाला का?" त्यांनी विचारलं. "कडक लिहा. फुकट्याची पुरती जिरली पाहिजे."

रेघबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ठिपके, तक्ता, हिशेब खात्यातला कॉम्प्युटर. हेडसाहेबांचा चेहरा उतरत गेला.

"हे कोणाला ठाऊक आहे?"

"मला, माझ्या सुनेला, यजमानांना. आणि आता तुम्हाला."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची," ते आवाज खाली आणून म्हणाले. "बाई, माझं ऐका. मॅडमना यातलं कळत नाही. त्या तुमच्या शब्दावर जाणार. तुम्ही लिहा, नवं सॉफ्टवेअर सोयीचं नाही. दोन ओळी. जुनं परत येईल, कोणाच्या केसाला धक्का नाही. आपण होऊन दप्तरखान्याचा रस्ता कशाला विचारायचा? आणि माझंही बघा. दीड महिन्यानं मी निवृत्त होतोय. बत्तीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक वाईट शेरा नाही. एकही नाही. त्या नमुन्यांवर मंजुरीच्या सह्या कोणाच्या आहेत?"

सह्या त्यांच्याच होत्या; बाईंनी बसवलेला नमुना कोणत्याही खात्यात जाण्याआधी त्यांच्याकडून तपासून जायचा. हेडसाहेब वाईट माणूस नाही. बाईंच्या मुलाच्या आजारपणात याच माणसाने तीन महिने त्यांचं टेबल सांभाळलं होतं, हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून तर नाही म्हणणं जड गेलं.

दोन ओळी लिहिणं काय कठीण होतं? आणि खरं सांगायचं तर त्यांनी त्या लिहिल्यासुद्धा. बुधवारी संध्याकाळी ऑफिस सुटायच्या आधी टाइप केल्या आणि पडद्यावर बघत बसल्या. पण हे लिहिलं की तो दुसऱ्या परिचारिकेचा कागद बासनात जाणार. पुढचे नवे कारकून पुन्हा टिचक्या मोजणार. शिवाय आता त्यांना ठिपके दिसायला लागले होते. कोऱ्या जागेकडे पाहिलं तरी दिसायचे. दिसलेलं न दिसल्यासारखं करायचं वय राहिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी त्या दोन ओळी पुसल्या आणि पान नव्याने लिहिलं, फुकट्यातच, तक्ता घालून. शेवटी लिहिलं: "दोष नव्या सॉफ्टवेअरचा नाही, जुन्याचाही नाही. रकाने कोऱ्या जागा मोजून बसवण्याची पद्धत चुकीची आहे. ही पद्धत सर्व खात्यांना मी शिकवली. सबब जबाबदारी माझी आहे." खाली सही केली. आयुष्यात इतकी वाकडी सही त्यांनी कधी केली नव्हती.

कागद हेडसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. मान वर केली नाही. कागद तसाच उपडा ठेवला आणि दुसरं काम ओढलं. अकरा वाजले, बारा वाजले, जेवणाची सुट्टी झाली. कागद उपडाच. बाई दाखले देत होत्या आणि डोळ्याच्या कडेने तिकडे बघत होत्या. चारच्या सुमारास हेडसाहेबांनी पेन उचललं, बराच वेळ काहीतरी लिहिलं, कागद पाकिटात घातला आणि स्वतः जिना चढून वर देऊन आले. येताना त्यांनी बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता काय लिहिलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको, असं रेघबाईंना वाटलं. माणूस स्वतःची मान वाचवणार, कोणीही वाचवेल. शुक्रवारी त्यांनी टेबलाचा खण आवरला. चष्म्याचं जुनं घर, दोन रबरी शिक्के, डोकेदुखीच्या गोळ्या. घरी यजमानांना म्हणाल्या, "तळमजला बरा, गुडघ्यांना जिना नाही." यजमानांनी पेपर बाजूला ठेवला आणि या वेळी एकही म्हण सांगितली नाही. "सोमवारी मी सोडायला येतो," एवढंच म्हणाले.

सोमवार गेला. मंगळवारी आदेश आला. नवं सॉफ्टवेअर कायम. दवाखान्याची जागा भरण्यास मंजुरी. आणि सर्व खात्यांतल्या लिपिकांना तक्ते शिकवण्यासाठी रोज दुपारी दोन ते चार वर्ग भरेल, शिकवणार रेघबाई. दप्तरखान्याचं नावही नव्हतं. बाईंनी आदेश तीनदा वाचला आणि पाणी प्यायल्या.

पहिला वर्ग बुधवारी भरला. एकोणीस माणसं, सगळी त्यांच्याच हाताखालून गेलेली. "मी तुम्हाला जे शिकवलं ते चुकीचं होतं," बाई उभं राहून म्हणाल्या, "आता बरोबर शिका." मागून कोणीतरी म्हणालं, "मग तेव्हाची गुरुदक्षिणा परत करा." सगळे हसले, आणि महिनाभरात पहिल्यांदा बाईही हसल्या. सगळ्यांच्या पडद्यावर त्यांनी ठिपके दाखवले. पाणीपट्टीच्या एका फाइलीत एका पानावर दोन हजारांहून जास्त निघाले.

वर्ग संपवून त्या खोलीत आल्या तर टेबलावर त्यांचा अहवाल परत आलेला, फाइलीला लावून ठेवण्यासाठी. त्यांनी पाकीट उघडलं. वर त्यांचं पान. त्यांच्या वाकड्या सहीखाली हेडसाहेबांचं ठळक, गोल अक्षर:

"अहवालातील सर्व नमुने माझ्या तपासणीने व माझ्या सहीने मंजूर झालेले आहेत. सबब चूक एकट्या लिपिकेची धरू नये. तपासणीत मी कसूर केली, अशी नोंद माझ्या सेवापुस्तकात घ्यावी."

त्याखाली मॅडमची सही. आणि बारीक अक्षरात: "नोंद घेतली."

रेघबाई उठल्या आणि कागद हातात घेऊन हेडसाहेबांच्या टेबलाशी गेल्या. ते पावत्यांचा गठ्ठा बांधत होते.

"हे काय केलंत?"

"वाचता येतं ना तुम्हाला," ते गठ्ठ्याकडे बघत म्हणाले.

"दीड महिना राहिला होता हो तुमचा."

"राहिला होता." त्यांनी दोरीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "चार वाजेपर्यंत दुसराच शेरा डोक्यात होता. तुमच्याविरुद्धचा. शब्दसुद्धा जुळवले होते. मग वाटलं, बत्तीस वर्षं कोरं राखलेलं पुस्तक घरी नेऊन दाखवणार कोणाला?"

रेघबाईंनी समोरची खुर्ची ओढली, बसल्या आणि चार माणसांदेखत डोळे पुसले. हेडसाहेबांनी आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला आणि पुढचा गठ्ठा बांधायला घेतला.